मरुभूमी, रस्ता आणि सोबत : मुंबईच्या सायकलस्वारांचा जगप्रवास (१९२३-१९२८) – एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया अशी त्यांची नावे. सर्वजण विशीतील, पारशी समाजातील आणि बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब या व्यायाममंडळाशी संबंधित होते. सुमारे ४४,००० मैल, म्हणजे जवळपास ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून ही मंडळी १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतली. परतणारे मात्र सहा नव्हते, तीन होते. हकीम, बापासोला आणि भुमगरा या तिघांनी मिळून लिहिलेला 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हा इंग्रजी वृत्तांत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली. २००८ मध्ये या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाल्यानंतर वृत्तपत्रांतून या प्रवासाची पुन्हा चर्चा झाली.

या चर्चेचा सूर प्रामुख्याने गौरवाचा राहिला. 'साहस', 'विक्रम', 'जिद्द' या शब्दांत प्रवासाचे वर्णन झाले. गौरव अनाठायी नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. एखादे वाळवंट सायकलवरून ओलांडले जाते तेव्हा केवळ पायांतील बळ कामी येत नाही. त्या वाटेवर पाणी कोणी खोदून ठेवले, रस्ता कोणी बांधला, सीमेवर कागद कोणी तपासला आणि सोबत कोण टिकले, या प्रश्नांची उत्तरेही त्या प्रवासात दडलेली असतात. प्रस्तुत लेखात या जगप्रवासातील दोन मरुप्रदेशांचा, म्हणजे पश्चिम आशियातील वाळवंटाचा आणि अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागाचा, तौलनिक विचार केला आहे. पहिल्या प्रदेशात प्रवाशाची कसोटी पाण्याने पाहिली. दुसऱ्या प्रदेशात ती कायद्याने पाहिली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रवासाच्या हेतूत झालेला बदल

महाराष्ट्रात प्रवासाची परंपरा जुनी असली तरी तिचे हेतू ठरलेले होते. तीर्थयात्रा, व्यापार, चाकरी, मोहीम आणि विद्या या कारणांनी माणसे घराबाहेर पडत. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांसमवेत उत्तरेस निघाले, ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. परत येताना त्यांनी कावडीतून गंगाजल आणले आणि मातापित्यांना स्नान घातले. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथील समाजस्थितीचे दर्शन घडविणारा त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये मराठीत निघाला. तेथेही प्रवासामागे निश्चित कार्य होते. विधवांच्या शिक्षणासाठी साह्य मिळविणे हे ते कार्य.

१९२३ च्या सहा तरुणांपुढे असे कोणतेही कारण नव्हते. त्यांना दक्षिणा नको होती, पदवी नको होती, मालही विकायचा नव्हता. प्रवास हेच प्रवासाचे प्रयोजन होते. मित्रांनी मिळून, स्वतःच्या हौसेने, लांबच्या रस्त्यावर निघावे ही कल्पना त्या काळी आपल्याकडे नवी होती. युरोपातून पायी भारतात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान मुंबईत झाले आणि त्यातून या कल्पनेला चालना मिळाली, असे सांगितले जाते. परंतु बीज बाहेरून आले तरी जमीन मुंबईचीच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात व्यायामशाळा, क्रिकेट जिमखाने आणि मैदानी खेळांची मंडळे वाढली होती. शरीरबळ हा राष्ट्रीय स्वाभिमानाचा विषय बनला होता. हिंदी माणूस दुबळा, ही वसाहतकालीन समजूत खोटी पाडण्याची ऊर्मी या पिढीत दिसते.

जगाच्या पातळीवरही सायकलप्रवासाला पूर्वपरंपरा होती. थॉमस स्टीव्हन्स याने १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने निघून उंच चाकाच्या सायकलवरून अमेरिका पार केली आणि पुढे १८८६ पर्यंत जगप्रदक्षिणा पुरी केली. त्या ओघात तो हिंदुस्थानातील ग्रँड ट्रंक रस्त्यानेही गेला. त्या वेळी हिंदुस्थान हा पाश्चात्त्य प्रवाशाने पाहण्याचा देश होता. चाळीस वर्षांनी दिशा उलटली आणि मुंबईचे तरुण जग पाहण्यास निघाले. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा अंशतः का होईना बदलल्या, हे या प्रवासाचे पहिले ऐतिहासिक महत्त्व होय.

पश्चिम आशियाचे वाळवंट : पाण्याचा प्रश्न

सायकलस्वारांचा मार्ग पंजाब आणि बलुचिस्तानातून इराणकडे जातो. क्वेट्ट्याहून नुश्कीपर्यंतची रेल्वे १९०५ मध्ये झाली होती. पहिल्या महायुद्धाच्या लष्करी गरजेतून ती पुढे वाढविण्यात आली आणि १९२२ मध्ये इराणच्या हद्दीतील दुज्दाब येथे पोहोचली. आज झाहेदान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या जुन्या नावाचा 'पाणी चोरणारी जागा' असा अर्थ सांगितला जातो. गावाच्या नावातच वाळवंटाचा स्वभाव नोंदविलेला आहे.

या प्रदेशातील वस्ती आणि वाहतूक यांचा आधार म्हणजे कनात. डोंगरपायथ्याच्या भूजलापासून अगदी मंद उताराचा बोगदा खणून, ठरावीक अंतरावर उभे विहिरीवजा झरोके ठेवून, मैलोगणती अंतरावरील गावापर्यंत पाणी आणण्याची ही पद्धती. पाणी भूमीखालून वाहत असल्याने उन्हात आटत नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) परिसरातील वाचकाला हे तंत्र परके वाटण्याचे कारण नाही. मलिक अंबरने खडकी शहर वसविल्यानंतर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातकुळीची आहे. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीला पाणी पुरविणारी नहरही डोंगरातील स्रोतापासून जमिनीखालून आणलेली आहे. ही पाणचक्की ज्या दर्ग्याच्या आवारात आहे तो बाबा शाह मुसाफिर यांचा. मध्य आशियातून आलेल्या या सत्पुरुषाच्या नावातच 'मुसाफिर' आहे आणि तेथील चक्कीवर यात्रेकरू, शिष्य आणि फकीर यांच्यासाठी धान्य दळले जाई. पाणी, पीठ आणि मुक्काम ही प्रवाशाची त्रयी दख्खनपासून इराणपर्यंत एकाच व्यवस्थेने पुरविली जात होती. तिचे नाव सराई.

मुंबईचे सायकलस्वार इराणातून गेले ते या जुन्या व्यवस्थेच्या आधाराने. कारवानसराईत रात्रीचा मुक्काम, वाटेवरच्या खेड्यात मिळेल ते अन्न आणि अनोळखी माणसाचे आतिथ्य यांवर त्यांचा प्रवास चालला. पारशी तरुणांच्या दृष्टीने इराण हा केवळ परदेश नव्हता. पूर्वजांची भूमी म्हणून त्याच्याशी भावनिक नाते होते. तथापि तेहरानपर्यंत सोबत केल्यानंतर नरिमन कापडिया वैयक्तिक कारणाने माघारी वळले आणि सहांचे पाच झाले.

बगदाद ते अलेप्पो हा या प्रवासातील सर्वांत कठीण टप्पा मानला जातो. ९५६ किलोमीटरचे हे अंतर त्यांनी २३ दिवसांत कापले. वाळूची वादळे, कोरडे पडलेले घसे आणि ५७ अंश सेल्सिअसच्या वर गेलेले तापमान यांचा उल्लेख या टप्प्याच्या वर्णनात येतो. येथे साधनचिकित्सेची आवश्यकता आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार पृथ्वीवरील सर्वोच्च तापमान ५६.७ अंश असून ते १० जुलै १९१३ रोजी अमेरिकेतील डेथ व्हॅली या वाळवंटात नोंदविले गेले. हवामानशास्त्रात तापमान सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाने मोजतात. त्यामुळे प्रवाशांचा ५७ अंशांचा आकडा उघड्या उन्हातील असावा, हेच संभवनीय दिसते. याचा अर्थ त्यांनी अतिशयोक्ती केली असा नाही. सायकलवर बसलेला माणूस सावलीतल्या पेटीत नसतो; तो उन्हातच असतो. शास्त्राचा आकडा आणि देहाचा अनुभव या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि इतिहासकाराने त्या वेगळ्याच वाचावयास हव्यात.

गतीचा हिशोबही बोलका आहे. ९५६ किलोमीटरला २३ दिवस म्हणजे दिवसाला सरासरी ४२ किलोमीटरच्या आत. संपूर्ण प्रवासास १,६१६ दिवस लागले आणि ७१,००० किलोमीटरला या दिवसांनी भागल्यास सरासरी सुमारे ४४ येते. या दुसऱ्या सरासरीत शहरांतील मुक्काम, आजारपण, जहाजावरचे दिवस सारे अंतर्भूत आहे. म्हणजे वाळवंटातील सलग कष्टाचा दिवस हा विश्रांतीसह काढलेल्या सरासरी दिवसापेक्षाही आखूड होता. वाळूने चाकाला किती अडविले असेल, याचे दुसरे प्रमाण नको.

याच काळात याच वाळवंटात एक वेगळा प्रयोग चालू झाला होता. नॉर्मन आणि जेराल्ड नेर्न या न्यूझीलंडच्या दोन बंधूंनी १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मुंबईचे तरुण निघाले त्याच महिन्यात, दमास्कस ते बगदाद अशी नियमित मोटारसेवा सुरू केली. कॅडिलॅक आणि ब्युइक मोटारींतून टपाल व उतारू नेले जात आणि उंटांच्या तांड्याला आठवडेच्या आठवडे लागणारी वाट ही मोटार सुमारे एका अहोरात्रात पार करी. पहिल्या महायुद्धानंतर इराक ब्रिटनच्या आणि सीरिया फ्रान्सच्या अंमलाखाली आला होता. मोटारीच्या या वाटेला साम्राज्याच्या टपालाची निकड कारणीभूत होती. ज्यांच्याजवळ भाडे होते त्यांच्यासाठी वाळवंट एका दिवसाचे झाले होते. सायकलस्वारांनी जाणूनबुजून जुन्या काळाचे वाळवंट पत्करले. त्यांचा विक्रम हा यंत्रयुगाच्या ऐन उंबरठ्यावर देहाच्या मापाने अंतर मोजण्याचा प्रयत्न होता.

अमेरिकेचा कोरडा पश्चिम : रस्त्याची सुबत्ता

युरोप आणि ब्रिटन पाहून मंडळी अटलांटिकपलीकडे गेली. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे पाच महिन्यांत ८,४०० किलोमीटरचा प्रवास झाला. दिवसाची सरासरी ५६ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अलेप्पोच्या वाटेपेक्षा एक तृतीयांशाने अधिक. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा १९१३ मध्ये आखलेला लिंकन महामार्ग सुमारे ५,४०० किलोमीटरचा होता. त्याच्याशी तुलना केल्यास सायकलस्वारांनी सरळ वाट न धरता बरीच भटकंती केली, हे स्पष्ट होते.

अमेरिकेचा पश्चिमार्ध हा मोठ्या प्रमाणावर कोरडा आहे. रॉकी पर्वताच्या पश्चिमेस युटा आणि नेवाडातील खारट सपाटीची ग्रेट बेसिन, दक्षिणेस ॲरिझोनातील सोनोरा आणि कॅलिफोर्नियातील मोहावी ही वाळवंटे पसरलेली आहेत. पॅसिफिक किनारा गाठू इच्छिणाऱ्या रस्त्यावरील प्रवाशाला यांपैकी कोणता ना कोणता मरुप्रदेश ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु हे वाळवंट बगदाद-अलेप्पोसारखे नव्हते. १९२१ च्या केंद्रीय कायद्याने आंतरराज्य रस्त्यांच्या जाळ्यास सरकारी पैसा मिळाला. युटातील खारट मैदानावरून वेंडोव्हरकडे जाणारा रस्ता १९२५ मध्ये खुला झाला. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी देशभरच्या मार्गांना क्रमांक देण्यात आले आणि शिकागो ते लॉस एंजेलिस हा पुढे प्रसिद्धीस आलेला 'रूट ६६' अस्तित्वात आला. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी संख्येने तयार झाली आणि १९२९ पर्यंत देशात दोन कोटींहून अधिक मोटारी धावू लागल्या. सामान्य कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबू, भांडीकुंडी आणि मुले मोटारीत घालून पश्चिमेकडे निघत. त्यांच्यासाठी गावोगावी मोटारछावण्या उघडल्या गेल्या. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली, १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले आणि ओसाड म्हणून टाळला जाणारा मुलूख प्रेक्षणीय बनला. १९०३ मध्ये होरेशियो नेल्सन जॅक्सन यांना एका यंत्रज्ञ सोबत्यासह मोटारीने खंड ओलांडण्यास ६३ दिवस लागले होते. वीस वर्षांत तो प्रवास उन्हाळी सहलीचा विषय झाला.

येथे सराईची जागा पेट्रोल पंपाने आणि मोटारछावणीने घेतली होती. पाणी होते, खूणफलक होते, नकाशे होते. अर्थात अंतरे अफाट होती आणि मैलोगणती माणूस दिसत नसे. तरीही तहानेने प्राण कंठाशी येण्याचे वाळवंट हे नव्हते. मग येथे कसोटी कोणती होती, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेचा कोरडा पश्चिम : कायद्याचा दुष्काळ

सायकलस्वार मुंबईहून निघण्याच्या सुमारे आठ महिने आधी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्याचा निकाल दिला. हिंदी माणूस वंशशास्त्राच्या परिभाषेत 'कॉकेशियन' ठरला तरी सामान्य समजुतीप्रमाणे तो 'गोरा' नव्हे, सबब तो नागरिकत्वास अपात्र, असे न्यायालयाने ठरविले. थिंड यांची बाजू सखाराम गणेश पंडित या लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणाऱ्या हिंदी गृहस्थांनी मांडली होती. पंडित स्वतः १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झाले होते. निकालानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. अनेक वर्षांपूर्वी मिळालेल्या नागरिकत्वावर विसंबून माणूस आपले आयुष्य उभारतो, ते मागाहून हिरावता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य झाली आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. मात्र इतर अनेक हिंदी लोकांना असा दिलासा मिळाला नाही.

१९१७ च्या कायद्याने आशियातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले होते. १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना स्थलांतरित म्हणून प्रवेश नाकारला. सहलीसाठी किंवा तात्पुरत्या कामासाठी येणाऱ्यांना मात्र मुभा होती. म्हणजे मुंबईचा तरुण अमेरिका पाहू शकत होता. अमेरिकेचा होऊ शकत नव्हता. पाहुणचाराला मर्यादा घालणारी ही रेषा रस्त्यावर दिसत नसे, पण ती प्रत्येक मैलावर होती.

या रेषेचा सर्वांत ठळक पुरावा वाळवंटातच सापडतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडील वाळवंटात कोलोरॅडो नदीचे पाणी १९०१ पासून कालव्याने आणले गेले आणि इम्पीरियल व्हॅली शेतीखाली आली. कापूस आणि खरबुजांच्या या शेतीत पंजाबी शेतकऱ्यांचा मोठा वाटा होता. परंतु १९१३ आणि १९२० च्या राज्य कायद्यांनी नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना जमीन धारण करण्यास बंदी घातली आणि थिंड निकालानंतर ती बंदी हिंदी शेतकऱ्यांनाही लागू झाली. ज्यांच्या श्रमाने वाळवंट हिरवे झाले त्यांच्या नावावर ती जमीन राहू शकत नव्हती.

याच भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या आदिवासी जमातींचा इतिहास या चित्राला आणखी एक बाजू जोडतो. नव्हाहो लोकांना १८६४ मध्ये लष्करी बळाने त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालत नेण्यात आले होते. मूळ अमेरिकी आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले ते २ जून १९२४ रोजी. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या वाळवंटी राज्यांत मतदानाचा हक्क मिळण्यास १९४८ उजाडावे लागले. कोलंबसाच्या भूगोलाच्या चुकीमुळे ज्यांना 'इंडियन' म्हटले गेले त्यांना कागदावर नागरिकत्व मिळत असताना, खरे हिंदी लोक ते गमावत होते. रस्त्यावरील मोटारप्रवाशाला जे वाळवंट रिकामे भासे, ते रिकामे नव्हते. ते रिकामे करण्यात आले होते.

सोबत : सहांचे तीन

मैत्री हा या प्रवासाचा पाया होता, म्हणून तिची वाटचालही तपासली पाहिजे. तेहरानला कापडिया परतले. पुढे गुस्ताद हाथीराम यांनी अमेरिकेतच राहण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जाण्याने खिन्न झालेले केकी पोचखानावाला न्यूयॉर्कहून मुंबईस परत फिरले. उरलेले तिघे अमेरिका ओलांडून जपान, कोरिया, चीन आणि आग्नेय आशियामार्गे स्वदेशी आले.

गौरवपर लेखनात या तिघांच्या गळतीचा उल्लेख ओझरता होतो. वस्तुतः येथेच प्रवासाचा मानवी अर्थ अधिक खोलवर जाणवतो. प्रवासाची तीन फलिते या एका गटात दिसतात. कोणी प्रवास पुरा करून परततो, कोणी अर्ध्यावरून परततो आणि कोणी परतत नाही. हाथीराम यांचा निर्णय ज्या काळात झाला, त्या काळात हिंदी माणसाला अमेरिकेचा नागरिक होण्याचा मार्ग बंद होता. असा देश घर म्हणून निवडणे हे, कदाचित, वाळवंट ओलांडण्याइतकेच धाडसाचे होते. त्या धाडसाचा वृत्तांत लिहिला गेला नाही.

हे धाडस किती कठीण होते याची कल्पना एका घटनेवरून येते. मार्च १९२८ मध्ये, म्हणजे तिघे मुंबईस परतले त्याच महिन्यात, मूळचे पेशावरचे आणि सॅन फ्रान्सिस्को भागात व्यवसाय करणारे वैष्णो दास बगाई यांनी आत्महत्या केली. थिंड निकालानंतर त्यांचे अमेरिकी नागरिकत्व रद्द झाले होते. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटण्यास जाण्यासाठी त्यांना अमेरिकेचा पासपोर्ट नाकारण्यात आला आणि ब्रिटिश पासपोर्ट घेण्यास सुचविण्यात आले. ब्रिटिश अंमल नको म्हणून देश सोडलेल्या माणसाला हा अपमान सहन झाला नाही. मुंबईत स्वागत आणि कॅलिफोर्नियात शोकांतिका, या दोन्ही घटना एकाच इतिहासाचे भाग आहेत. हिंदी माणसाने जगात कोठवर जावे आणि कोठे थांबावे, हे ठरविणारी सत्ता त्या वेळी त्याच्या हाती नव्हती.

साधनांविषयी काही विचार

या प्रवासाचे प्रमुख साधन म्हणजे प्रवाशांचा स्वतःचा ग्रंथ. तो परतल्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाला आणि तिघांनी मिळून लिहिला. सामुदायिक लेखनात मतभेद पुसट होतात. शिवाय वृत्तांत लिहितात ते प्रवास पुरा करणारे. मध्येच वेगळे झालेल्यांची बाजू वाचकाला त्यांच्याच शब्दांत मिळत नाही. 'प्रथम' आणि 'विक्रमी' या विशेषणांकडेही सावधपणे पाहावे लागते, कारण ज्या उंटवाटेवर सायकल प्रथम गेली त्या वाटेवर माणसे शतकानुशतके ये-जा करीत होती.

दुसरा मुद्दा भाषेचा. हे प्रवासी मुंबईचे, पण ग्रंथ इंग्रजीत. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्यामुळे त्यांना स्थान मिळाले नाही. वाङ्मयेतिहास भाषेनुसार विभागला जाणे स्वाभाविक आहे. परंतु प्रादेशिक इतिहासाला ही मर्यादा पाळण्याचे कारण नाही. फ्रामरोझ दावर हे मुंबईचे क्रीडापत्रकार १९२४ ते १९३१ या काळात सायकलवरून जग हिंडले. व्हिएन्नात भेटलेल्या गुस्ताव श्टावयानिक या सोबत्यासह त्यांनी सहारा ओलांडले आणि त्यावर १९३७ मध्ये ग्रंथ लिहिला. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ ही तिसरी तुकडी १९३३ मध्ये निघून १९४२ मध्ये परतली. दोन दशकांत एका शहरातून असे तीन प्रवास निघतात तेव्हा तो व्यक्तिगत विक्षिप्तपणा राहत नाही; ती नगरसंस्कृतीची एक प्रवृत्ती ठरते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात तिची नोंद व्हावयास हवी.

उत्तरकाळ

१९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना अमेरिकी नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांच्या प्रवेशाची मर्यादा मिळाली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी मंजुरी मिळालेल्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा पद्धती रद्द केली आणि डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांना दार उघडले. त्यानंतर गेलेल्या मराठी कुटुंबांनी शहरोशहरी मंडळे स्थापन केली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन स्नेही कुटुंबांनी मोठी गाडी भाड्याने घेऊन ग्रँड कॅन्यन, झायन किंवा डेथ व्हॅली पाहण्यास जाणे हा तेथील मराठी जीवनाचा परिचित भाग झाला. डब्यात पोळ्या, मागच्या बाकावर मुले आणि दुतर्फा पसरलेले वाळवंट, हे दृश्य आता कोणास नवलाचे वाटत नाही. जुना रूट ६६ अधिकृत यादीतून १९८५ मध्ये वगळला गेला; त्याचे तुकडे आज स्मरणयात्रेचा विषय आहेत.

ही सहल सहजसाध्य वाटते, याचे श्रेय केवळ गुळगुळीत रस्त्याला आणि वातानुकूलित गाडीला देणे योग्य होणार नाही. रस्ता १९२० च्या दशकातही होता. बदलला तो कायदा. १९२३ मध्ये नागरिकत्वाचा खटला हरलेला वकील, जमिनीवरचा हक्क नाकारला गेलेला शेतकरी, हक्क नसतानाही तेथे राहिलेला सायकलस्वार आणि नागरी हक्कांसाठी झगडलेला कृष्णवर्णीय समाज, ज्याला १९३६ पासून कोठे मुक्काम मिळेल हे सांगणारी स्वतंत्र मार्गदर्शिका बाळगून प्रवास करावा लागला, या सर्वांचे ऋण त्या सहलीवर आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) १९२३-१९२८ चा जगप्रवास हा मुंबईतील व्यायामसंस्कृती आणि नवी नागर मैत्री यांचे अपत्य होता. धर्म, अर्थ किंवा विद्या यांपैकी कोणताही रूढ हेतू नसलेला प्रवास म्हणून तो महाराष्ट्राच्या प्रवासेतिहासात वेगळा ठरतो.

२) पश्चिम आशियात प्रवाशाला साधनांची टंचाई जाणवली, पण कनात, सराई आणि आतिथ्य यांची जुनी व्यवस्था त्याच्या पाठीशी होती. ही व्यवस्था दख्खनलाही परिचित होती, याची साक्ष औरंगाबादची नहर आणि पाणचक्की देतात.

३) अमेरिकेत साधनांची सुबत्ता होती, परंतु थिंड निकाल आणि १९१७ व १९२४ चे कायदे यांमुळे हिंदी माणसाचे तेथील स्थान केवळ तात्पुरत्या पाहुण्याचे होते. तेथे पाणी मिळत होते, हक्क मिळत नव्हता.

४) सहांपैकी तिघांच्या परतण्यावर आधारलेला वृत्तांत हा अपुरा इतिहास आहे. माघारी वळलेला आणि तेथेच राहिलेला सोबती यांनाही त्यात स्थान देणे आवश्यक आहे.

वाळवंटातील अंतर किलोमीटरमध्ये मोजता येते. दोन समाजांतील अंतर मोजण्यास मात्र वाटेत कोणी पाणी दिले आणि कोणी राहू दिले, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. मुंबईच्या या सहा तरुणांच्या प्रवासात दोन्ही उत्तरे सापडतात आणि म्हणूनच त्यांचा प्रवास विक्रमांच्या यादीपेक्षा इतिहासाच्या अभ्यासात अधिक मोलाचा ठरतो.